वर्गात रहस्यकादंबरी शिकवायचीय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीचे शिक्षक, शाळेतले ग्रंथपाल आणि मधूनमधून पालकसुद्धा हेच प्रश्न पाठवत असतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयत. डोळ्यासमोर सहावी ते दहावीचे वर्ग आहेत. एकदा सांगितलेलं परत लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. पाठ्यपुस्तक असताना अख्खी रहस्यकादंबरी कशाला घ्यायची?

पाठ्यपुस्तकात उतारे असतात, तीन-चार पानांचे, आणि ते छान असतात पण ते संपतात तिथेच धडाही संपतो. दीडशे पानांचं एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेण्याचा अनुभव कितीतरी मुलांना दहावी झाली तरी आलेला नसतो. रहस्यकथेत पुढे काय होणार हे मुलांना स्वतःलाच हवं असतं, त्यामुळे "वाचा रे" म्हणून मागे लागावं लागत नाही. माझ्या मते याहून मोठं कारण दुसरंच आहे, रहस्यकथा वाचताना मुलं "कशावरून?" हा प्रश्न विचारायला शिकतात, ते प्रश्न ६ मध्ये सविस्तर लिहिलंय.

२. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

सहावी-सातवीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्यात विद्याभवनात शिकणारा, सायकल आणि ते "ट्टॉक", मुलं पहिल्याच तासाला तोंडाने तो आवाज काढायला लागतात आणि काढू द्या. एकूण वीस पुस्तकं आहेत, प्रत्येक पुस्तक वेगळं वाचता येतं, प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत जागा बदलत राहतात त्यामुळे नकाशा समोर ठेवूनही वाचता येतं. हे मुळात साहसाचं लिखाण आहे, कोडं सोडवण्यापेक्षा पळापळ जास्त, पण पूर्ण पुस्तक वाचायची सवय लावायला मला तरी याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

आठवीच्या पुढे सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा घ्या. पहिली गोष्ट १९६५ मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात आली, मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढलेत. गोष्ट सांगतो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे, म्हणजे फेलूदाच्या डोक्यात काय चाललंय ते तोपशेला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. निवेदक कोण आहे याने काय फरक पडतो हे शिकवायला याहून सोपं उदाहरण नाही.

नववी-दहावीचा वर्ग जरा वाचणारा असेल तर शेरलॉक होम्सची बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी अनुवादातून घ्या.

पुस्तक निवडताना एकच गोष्ट नक्की करा, स्वतः आधी पूर्ण वाचा. पाठीमागचा मजकूर वाचून पुस्तक वर्गात नेलं आणि अकराव्या प्रकरणात असं काही निघालं की जे सातवीला चालणार नाही, असं होऊ देऊ नका.

३. रहस्य आणि सस्पेन्स एकच का? मुलांना कसं समजावू?

एक नाही, आणि व्याख्या फळ्यावर लिहून ते समजतही नाही. मी ही तीन वाक्यं लिहिते:

सायलीने दार ढकललं. घरात कोणीच नव्हतं. ओट्यावर कपात चहा होता आणि त्यातून अजून वाफ येत होती.

विचारा, आत्ता डोक्यात काय आलं? "कोण होतं तिथे?" हे झालं रहस्य, आपल्याला सायलीइतकंच माहितीय. आता या तिन्हीच्या आधी एकच वाक्य वाढवा: सायलीची पावलं जिन्यावर वाजली तसा तो माणूस कप तिथेच ठेवून पलंगाखाली सरकला. परत वाचा. आता "कोण होतं" असं कोणी विचारत नाही, वर्ग ओरडतो की बाई तिला आत जाऊ देऊ नका. आपल्याला सायलीपेक्षा जास्त माहितीय आणि म्हणून जीव वर-खाली होतोय, तो सस्पेन्स. घटना तीच आहे, फक्त वाचकाला काय कधी सांगायचं ते बदललं.

मोठ्या वर्गाला राय यांचंच उदाहरण द्या. 'सोनार केल्ला' या पुस्तकात खरा कोण आणि खोटा कोण हे शेवटापर्यंत लपवलंय, आणि १९७४ मध्ये त्यांनी स्वतःच त्यावर सिनेमा काढला तेव्हा खलनायक कोण ते प्रेक्षकांना लवकरच दाखवून टाकलं. लेखक तोच, गोष्ट तीच, आणि दोन्ही जमलंय. हे मुलांना पुस्तक वाचून झाल्यावरच सांगा.

४. तास ३५ मिनिटांचा, पोर्शन पूर्ण होत नाही, वेळ कुठून आणू?

आठवड्यातून दोन तास, एक तास तुमचा आणि एक ग्रंथालयाचा किंवा ऑफ तास. साधारण १५-१८ मिनिटं वाचन, सात-आठ मिनिटं बोलणं, पाच मिनिटं वहीत लिहिणं, बाकीचा वेळ हजेरीत आणि आवाज शांत करण्यात जातोच. या हिशोबाने दीडशे पानांचं पुस्तक दीड-दोन महिन्यात होतं कारण मधली काही प्रकरणं मुलं घरी वाचतात. वेळ वाया जात नाही, अर्धवट कथा पूर्ण करणं हे कथालेखनात येतंच आणि त्याची तयारी यातून आपोआप होते. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पुस्तकं टेबलावर मांडून फोटो काढण्यापेक्षा त्या दिवशी पहिलं प्रकरण वाचायला घ्या, पुढचे तास मुलंच मागून घेतात.

फक्त दोन वाचनांत आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त गॅप पडू देऊ नका. सहामाही मध्ये आली की कोण कुठे होतं ते मुलं विसरतात आणि मग ताणच निघून जातो. पुस्तक दिवाळीच्या सुट्टीआधी संपेल असं बघा नाहीतर सुट्टीनंतरच चालू करा.

५. वाचताना नेमकं कुठे थांबायचं? घंटा होईल तिथे थांबलं तर चालेल का?

नाही चालणार, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. यातली बरीच लिखाणं मुळात मासिकात क्रमशः आलेली आहेत, म्हणजे थांबायच्या जागा लेखकानेच करून ठेवल्यात. बास्करव्हिलची कादंबरी 'स्ट्रँड' मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ अशी आली, आणि तिच्या दुसऱ्या प्रकरणाचा शेवट बघा, मृत माणसाजवळ पावलांचे ठसे सापडले होते, ते कसले होते हे डॉक्टर अगदी शेवटच्या ओळीत सांगतो. एका अवाढव्य कुत्र्याच्या पावलांचे! तिथे पुस्तक मिटायचं. ठसे सापडले आणि घंटा झाली, असं झालं तर अर्धा परिणाम गेला, आणि ती ओळ वाचून झाल्यावर पुढचं अर्धं पान वाचलं तर उरलेलाही गेला.

म्हणून आदल्या दिवशी पेन्सिलने खूण करून ठेवा. घंटेला पाच मिनिटं असताना तिथे पोचायचं, पुस्तक बंद करायचं, आणि वह्या काढायला सांगायचं. आणि थांबल्यावर "तर मुलांनो, या प्रकरणातून आपण काय शिकलो" हे विचारू नका. मुलांना त्या क्षणी फक्त पुढचं पान हवं असतं, ती ओढ तशीच ठेवून त्यांना घरी जाऊ द्या.

६. अंदाज वही म्हणजे काय? ती कशी लिहून घ्यायची?

दोनशे पानी वही लागत नाही, जुन्या वहीची उरलेली पानंही चालतात. प्रत्येक पानावर तीन रकाने: मला काय वाटतं, कशावरून, किती खात्री आहे (दहापैकी). प्रत्येक थांब्यावर एक ओळ. मागचं खोडायचं नाही, चुकलं असेल तरी तसंच राहू द्यायचं, बरोबर निघालं म्हणून मार्क नाहीत. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा नाहीतर हुशार मुलं शेवटचं पान उघडून बघतात आणि अंदाज तिथून लिहितात.

खरी मजा दुसऱ्या रकान्यात आहे. पहिल्या पंधरवड्यात तिथे काय काय येतं बघा: तो दिसायला तसा आहे, तो गावात नवीन आहे, तो गरीब आहे, सिनेमात नोकरच चोर असतो. एकदा आठवीच्या वर्गात एका मुलाने लिहिलं होतं, चोर वॉचमन आहे, कशावरून तर वॉचमनच असतात. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तासाला तोंड उघडत नाही, ती उभी राहिली आणि म्हणाली माझे पप्पा वॉचमन आहेत, तू पान नंबर सांग. तो पानं उलटत बसला, त्याला एकही सापडलं नाही, आणि त्या दिवसापासून त्या वर्गात "पान नंबर सांग" हा नियमच झाला. मी तो नियम आता प्रत्येक वर्गात पहिल्या दिवशीच लावते. संशय कोणावरही घ्या, पण पुस्तकातली ओळ दाखवा. ओळ नसेल तर तो संशय तुमच्या डोक्यातून आलाय, आणि तो डोक्यात कुठून आला यावर पाच मिनिटं बोलायचं. व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज तपासायला मुलांना वेगळं काही शिकवावं लागत नाही, हीच सवय तिथेही लागू पडते.

पुस्तक संपलं की वह्या परत काढायच्या आणि पहिल्या प्रकरणापासून खुणा शोधायच्या. लेखकाने कुठे सगळं समोर ठेवलं होतं आणि आपण का पाहिलं नाही, कुठे मुद्दाम दुसरीकडे बघायला लावलं. ब्राऊन पेपरवर मोठा तक्ता करा, डाव्या बाजूला खरी खूण, उजव्या बाजूला चकवा. या दुसऱ्या वाचनासाठी किमान दोन तास राखून ठेवा, घाईत हाच भाग गाळला जातो आणि साहित्य म्हणून जे काही शिकवायचंय ते सगळं इथेच असतं.

७. शाळेत एकच प्रत आहे, साठ मुलं आहेत. कसं जमवायचं?

एका प्रतीत जमतं. तुम्ही मोठ्याने वाचायचं, मुलांनी ऐकायचं, आणि ज्या पानावर खूण आहे तेवढ्या ओळी फळ्यावर लिहायच्या. उलट पहिल्या पुस्तकाला मी हेच सांगेन, कारण सगळे एकाच वेगाने पुढे जातात आणि ज्याला वाचायला जड जातं तोही मागे पडत नाही. आवाज चढवून नाटक करायची गरज नाही, सस्पेन्सच्या जागी उलट हळू आणि खाली आवाजात वाचा. अजून तीन-चार प्रती मिळाल्या तर गटात एक द्या. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून सरकारी शाळांच्या ग्रंथालयाला जे अनुदान येतं त्यातून एकाच पुस्तकाच्या पाच प्रती मागवायला मुख्याध्यापकांना सांगून बघा, आपल्याकडे पन्नास वेगवेगळी पुस्तकं येतात आणि कपाटात राहतात. झेरॉक्सबद्दल प्रश्न १५ बघा.

८. एका मुलाने पुस्तक आधीच वाचलंय आणि तो सगळ्यांना शेवट सांगतो. काय करू?

त्याला रागवू नका, वर्गात पुस्तक स्वतःहून वाचलेला तो एकटाच असू शकतो. त्याला वेगळं काम द्या: प्रत्येक प्रकरणात लेखकाने कुठे खूण पेरलीय ती त्याने बंद पाकिटात लिहून तुमच्याकडे द्यायची, पाकिटं शेवटी सगळ्यांसमोर उघडायची. त्याच्या हातात गुपित आलं की तोच ते सांभाळतो. आणि समजा तरीही फुटलं तर आकाश कोसळत नाही, मग वर्गाला विचारा की शेवट माहीत असूनही या पानावर धडधडतंय का, आणि का. प्रश्न ३ मधलं सायलीचं उदाहरण तेच सांगतं.

९. सिनेमा दाखवला तर चालेल का?

पुस्तक संपल्यावर दाखवा. २०१७ चा फास्टर फेणेचा सिनेमा दाखवायचा असेल तर लक्षात घ्या, त्यात फेणे मोठा झालाय, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो, गोष्ट नवीन आहे, त्यामुळे पुस्तक फुटत नाही पण सहावीच्या मुलांना तो जड आणि थोडा भडक वाटू शकतो, आधी स्वतः बघून ठरवा. फेलूदाचा मात्र आधी अजिबात नको, कारण प्रश्न ३ मध्ये आलंय.

१०. परीक्षेत यावर काय विचारायचं? मार्क कसे द्यायचे?

कोण कोणास म्हणाले आणि रिकाम्या जागा भरा, एवढं तरी कृपा करून नको. तसं विचारलं की ज्या पुस्तकासाठी मुलं तास मागून घेत होती त्याच पुस्तकाची गाईडं शोधायला लागतात. कृतिपत्रिकेच्या धर्तीवरच विचारायचं असेल तर असं विचारा: तिसऱ्या प्रकरणात लेखकाने कोणती माहिती लपवली, ती तिथेच दिली असती तर काय झालं असतं? अमुक पात्रावर तुम्हाला संशय का आला, दोन ओळी पुराव्यासहित. किंवा हाच प्रसंग खलनायकाच्या तोंडून आठ-दहा ओळीत लिहा. अंतर्गत मूल्यमापनात अंदाज वहीचा दुसरा रकाना तपासा, पहिला नाही. सुरुवातीला "मला वाटलं म्हणून" लिहिणारा मुलगा शेवटी पान नंबर देत असेल तर त्याला पूर्ण मार्क द्या, त्याचे सगळे अंदाज चुकलेले असले तरी.

११. या गोष्टी जुन्या आहेत, मुलं विचारतात त्याने मोबाईलवरून फोन का नाही केला?

फार चांगला प्रश्न आहे, टाळू नका. तार म्हणजे काय हे आत्ताच्या मुलांना माहीत नाही, आपल्याकडे तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा ही मुलं अगदी लहान होती किंवा जन्मलीही नव्हती. ट्रंक कॉल लावून तास-तास वाट बघणं, एकाच गल्लीत एक फोन, निरोप घेऊन पोराला पळवणं, हे घरी आजी-आजोबांना विचारून लिहून आणायला सांगा. मग त्यांच्या लक्षात येतं की निरोप पोचायला वेळ लागतो तिथेच ताण तयार होतो. त्यानंतरची कृती मला स्वतःला फार आवडते, एक प्रसंग मोबाईल असलेल्या काळात आणून लिहा पण ताण कमी होता कामा नये. मुलं रेंज घालवतात, बॅटरी संपवतात, आणि एखादी अशी निघते की जी लिहिते फोन लागला पण उचलणारा आवाज वेगळाच होता.

१२. बहुतेक गोष्टींत हिरो मुलगेच आहेत, मुलींचं काय?

खरं आहे, फास्टर फेणेत आणि फेलूदात दोन्हीकडे मुली-बायका कमी आहेत आणि हे वर्गात उघडपणे बोलायलाच हवं. त्या काळाचं लिखाण म्हणून सोडून देऊ नका. मुलींना आवडत नाही असं मात्र मला कधी दिसलं नाही, त्या सायकलवर तितक्याच जोरात बसतात. मुख्य पात्र मुलगी केली तर कोणता प्रसंग जसाच्या तसा राहील आणि कुठे घरचे "अंधार पडायच्या आत ये" म्हणतील, हे गटात लिहायला द्या. त्या चर्चेला एक तास कमी पडतो.

१३. पालक म्हणतात ह्या टाइमपास गोष्टी आहेत, अभ्यास घ्या. आणि काहीजण म्हणतात मुलगी रात्री घाबरते.

दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिल्यासाठी पालकसभेत अंदाज वह्या दाखवा, महिनाभरात मुलाने काय लिहिलंय ते बघून बहुतेक पालक शांत होतात. आणि त्यांच्याच घरात विचारायला सांगा, बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराच्या वर रहस्यकथा, त्यातले झुंजार आणि काळापहाड हे नायक, ज्या पिढीने भाड्याच्या वाचनालयातून आणून वाचले ती पिढी घरातच बसलेली आहे, वाचायची गोडी लागली कशी ते तेच सांगतील.

दुसरा मुद्दा गंभीरपणे घ्या. थोडी भीती आणि ती सगळ्यांबरोबर बसून अनुभवणं यात वाईट काही नाही, पण प्रत्येक मुलाची सीमा वेगळी असते. घरात नुकताच मृत्यू, अपघात किंवा मारहाण झालेली असेल तर त्या मुलाला आधी बाजूला घेऊन पुढच्या प्रकरणात काय आहे ते सांगा, नको असेल तर त्या तासाला ग्रंथालयात बसू द्या, त्याचं कारण वर्गासमोर विचारू नका. रक्त आणि भूत यापेक्षा कोणीतरी पाठलाग करतंय हे मुलांना जास्त लागतं, पुस्तक निवडताना ते बघा. आणि भीतीदायक प्रकरण शुक्रवारी-शनिवारी संपवू नका.

१४. वाचता वाचता एखाद्या मुलाने स्वतःबद्दलच काही गंभीर सांगितलं किंवा वहीत लिहिलं तर?

हे होतं. पाठलाग, धमकी, गुपित असे विषय निघाले की कधी कधी वहीत गोष्टीपेक्षा वेगळं काहीतरी येतं. तिथे शिकवणं थांबवायचं आणि ऐकायचं. वर्गात चर्चा नाही, उलटतपासणी नाही, "कोणाला सांगणार नाही" असं वचनही द्यायचं नाही कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. लैंगिक छळाचा नुसता संशय असेल तरी पॉक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांना सांगा पण सांगून मोकळे होऊ नका, पुढे कळवलं गेलंय ना याची खात्री करा. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे, तो वर्गात भिंतीवर कायम लावलेला असावा.

१५. झेरॉक्स, पीडीएफ, गॅदरिंगला नाटक, यातलं कायद्याने काय चालतं?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०६१ संपेपर्यंत मोकळी नाहीत. कॉनन डॉयल १९३० मध्ये गेले म्हणून मूळ इंग्रजी होम्स मोकळा आहे, पण मराठी अनुवादाचा हक्क वेगळा असतो, तिथे बरेचजण गोंधळतात.

शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची नक्कल करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच सूट आहे, कलम ५२ बघा, त्यामुळे एखाद्या प्रकरणाची पानं वर्गासाठी काढलीत तर घाबरू नका. अख्ख्या पुस्तकाचा पीडीएफ पालकांच्या ग्रुपवर टाकणं मात्र करू नका, तो पुढे कुठे जाईल सांगता येत नाही आणि मराठी बालसाहित्य छापणारे प्रकाशक आधीच किती उरलेत. नाटकाचंही तसंच, शाळेतल्याच मुलांनी आणि शिक्षकांनी केलेला प्रयोग, प्रेक्षक फक्त शाळेतले आणि पालक, याला त्याच कलमात सूट आहे. तिकीट लावायचं असेल, बाहेरच्या स्पर्धेत न्यायचं असेल किंवा यूट्यूबवर टाकायचं असेल तर ती सूट धरून चालू नका, प्रकाशकांना आधी पत्र लिहून परवानगी घ्या.

१६. आम्ही परदेशात रविवारची मराठी शाळा चालवतो, मुलांना बोलता येतं पण वाचन फार हळू आहे. हे सगळं जमेल का?

जमेल, फक्त ऐकण्यावर भर द्या. इथल्या ज्या वर्गांत मुलांची घरची भाषा मराठी नाही तिथेही हेच करा. दर रविवारी तुम्ही एक प्रकरण वाचायचं, मुलांनी स्वतः फक्त शेवटचं अर्धं पान वाचायचं, म्हणजे प्रश्न ५ मधली ती थांबायची जागा त्यांच्या तोंडून यायला हवी. अक्षरं लावत का होईना, पुढचं कळायला हवंय म्हणून ती वाचतात. अंदाज वही पहिले काही रविवार इंग्रजीत लिहू द्या, हळूहळू "कशावरून" चा रकाना मराठीत घ्या. आठवडाभराचा गॅप असतो म्हणून सुरुवातीला मागचं दोन मिनिटांत एका मुलाने सांगायचं, आणि पुस्तक शंभर पानांच्या आतलंच निवडा.